उजव्या दातावरची खाच

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. मी एक जुना जबडा आहे, पण प्लास्टरचा. आजवर कुणाला चावलेलो नाही. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या कपाटात, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मी राहतो. माझे दात वाकडे आहेत आणि ते तसेच राहणार. त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल. थोडं वाटतं.

ज्या बाईंच्या दातांवरून मी घडलो, त्या तेव्हा चाळिशीच्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांचा वरचा, डावीकडचा पुढचा दात खालच्या दाताच्या मागे जाऊन बसला होता आणि दर घासाला त्याला पुढे ढकलायचा. खालच्या दाताची हिरडी उतरली होती, दात हलू लागला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की वरचा दात जागेवर आणला तर खालचा वाचेल, नाहीतर काही वर्षांत तो हातात येईल. ताई मनातून हादरल्या. एरवी या वयात दातांना तारा लावून घ्यायला त्या कशाला तयार झाल्या असत्या?

माझा जन्म काही सुखाचा नव्हता. गुलाबी, गार लगदा भरलेला एक पसरट साचा ताईंच्या तोंडात बसवला, तसं त्यांना ढवळून आलं. नाकाने श्वास घ्या आणि पायाचे अंगठे हलवत राहा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताईंनी इमानेइतबारे अंगठे हलवले. त्या ठशात प्लास्टर ओतलं गेलं आणि तासाभराने मी बाहेर आलो. पांढराशुभ्र, अजून कोमट, आणि ताईंच्या दातांवरची एकही बारीक रेघ न विसरलेला.

तारा लगेच लागल्या नाहीत. आधी एक्स-रे झाला, किडलेली दाढ भरली, दात स्वच्छ झाले. कॉलेजात जाणाऱ्या लेकीने आईच्या माहितीचा कागद भरून दिला. मग डॉक्टरीणबाईंनी मला हातात धरून सगळं समजावलं. दोन वर्षं लागतील. पहिले चार दिवस ठणकेल, तेव्हा मऊ खा. तार टोचली तर मेणाची गोळी लावा. प्रत्येक खाण्यानंतर छोट्या ब्रशने तारांच्या खालून घासा. कडक आणि चिकट खाऊ नका, ठरल्या दिवशी चुकवू नका. ताईंनी मान डोलावली आणि तसं वागल्याही. नुसती मान डोलावणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

तरीही घोटाळा झालाच. तार धरून ठेवायला प्रत्येक दातावर एक इवलंसं ब्रॅकेट चिकटवतात. ताईंच्या वरच्या, उजवीकडच्या पुढच्या दातावरचं ब्रॅकेट निघालं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा निघालं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, ताई चोरून काहीतरी कडक खातात. ताई काकुळतीने सांगायच्या की सफरचंदसुद्धा किसून खाते. चौथ्या वेळी लेकही सोबत आली होती, आणि तेव्हा मात्र डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या.

"ताई, असंच होत राहिलं तर मला सगळं काढून टाकावं लागेल. अर्धवट ओढाताणीने तो हलणारा दात आणखी कमजोर होईल."

ताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी मला खोक्यातून काढलं. उजेडात धरून त्या माझ्या वरच्या दातांच्या कडेवरून नख फिरवू लागल्या. उजव्या दातावर नख अडकलं. तिथे एक बारीकशी खाच होती. मी ती जन्मापासून मिरवत होतो! ओरडून सांगावंसं वाटायचं, पण अख्खा जबडा असून मला बोलता येत नाही.

"ताई, तुम्ही दिवसभर काय करता?"

"काही नाही, घरीच असते. लोकांचे कपडे शिवते."

"किती वर्षं?"

"बावीस झाली."

"आणि शिवताना टाचण्या कुठे धरता?"

ताईंचा हात आपोआप ओठांकडे गेला. टाचण्या दातांत धरायच्या आणि दोरा दाताने तोडायचा, बावीस वर्षं हेच चाललं होतं. ते काही खाणं नव्हे, म्हणून सांगावं असं त्यांच्या मनातच आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी माहितीचा कागद काढला. 'काम' या शब्दापुढे लेकीच्या सुबक अक्षरात 'गृहिणी' लिहिलं होतं.

लेकीचा चेहरा उतरला. शिवणयंत्राचा आवाज ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती.

"आई, मी लिहिलं गं ते. मला सुचलंच नाही."

"मला तरी कुठे सुचलं असतं?" ताई म्हणाल्या.

लेकीने पेन मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि 'शिवणकाम' लिहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की चूक आपलीही होती, आपण कागद वाचला पण माणसाला विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला.

पण खरी कमाल ताईंची. त्यांनी टाचण्यांसाठी मनगटावर बांधायची छोटी गादी शिवली आणि गळ्यात कात्री अडकवली. तोंड रिकामं राहिलं की टाचणीकडे वळतं, म्हणून त्या काम करताना गुणगुणायला लागल्या. बावीस वर्षांची सवय मोडणं म्हणजे खायचं काम नाही. ते ब्रॅकेट पुन्हा निघालं नाही. फुकट गेलेल्या महिन्यांमुळे उपचार लांबले, तरी ताईंनी एकही भेट चुकवली नाही.

तारा काढल्या त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खालचा दात दोन बोटांत धरून हलवून पाहिला. मग जरा जोर लावून पाहिला.

"हलत नाही," त्या म्हणाल्या.

ताईंनी स्वतः बोट लावलं. मग लेकीला म्हणाल्या, "तू बघ." लेकीने पाहिलं आणि ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. ताई आजही झोपताना दातांवर पट्टी लावतात, कारण सरळ झालेले दात जुन्या जागी परतायला टपलेलेच असतात.

आता दातांचं माप कॅमेऱ्याने घेतात. माझे बरेच सोबती टाकून दिले गेले आणि माझ्याही एका दाढेचा कोपरा उडाला आहे. तरी नवा पेशंट आला की मला बाहेर काढतात आणि पहिला प्रश्न विचारतात, दिवसभर काय करता? कुणी सुतार निघतो, खिळे ओठांत धरणारा. कुणी पेन चघळणारी विद्यार्थिनी निघते.

म्हणून मित्रांनो, तारा लावायला जाल तेव्हा काही लपवू नका. तुम्हाला क्षुल्लक वाटणारी सवयही सांगा. आणि आईच्या वतीने कागद भरायची वेळ आली, तर लिहिण्याआधी तिच्याजवळ घडीभर बसा आणि ती दिवसभर काय करते ते तिलाच विचारा.