धुऱ्यालगतचं रान

कामरगावच्या पलीकडच्या एका गावात स्नेहा मॅडमनी शाळेमागच्या पडीक जागेत पोरांकडून झाडं लावून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासूनच इंद्रभानला त्यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. त्याचं वावर त्या जागेला लागूनच होतं. पोरं नाल्याकाठून तरवड, रुई, निरगुडी, पळस असलं काहीबाही आणून लावायची. गुलाब नाही, शेवंती नाही. इथलीच झाडं लावली की इथली पाखरं येतात, असं मॅडम सांगायच्या.

"फुकटात उगवनारं झाड कोनी लावते काय?" इंद्रभान शाळा समितीच्या अध्यक्ष विजयमालाबाईंना म्हणाला. "आज झुडपं लावून राह्यले, उद्या कुंपन माह्या वावरात सरकवतीन."

विजयमालाबाई नुसत्या हसल्या. भर उन्हाळ्यात त्या स्वतः पोरांबरोबर झाडांना घागरीनं पाणी घालत होत्या.

कारंज्याहून एसटीनं येणाऱ्या स्नेहालाही इंद्रभान खटकायचा. येता-जाता तो धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहून बागेकडं टक लावून बघायचा. विचारलं तर म्हणायचा, "माह्या धुऱ्यावर उभा हाव. तुमाले काय तरास?"

दुसऱ्या पावसाळ्यात बाग कमरेएवढी झाली. रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या आल्या आणि मधल्या सुट्टीत पोरं तिथून हलेनात. ऑगस्टातल्या एका सोमवारी शाळा उघडली, तर सगळी बाग करपलेली. पाचवीतली वैभवी एक अळी तळहातावर घेऊन तिला फुंकर घालत होती. अळी हलत नव्हती.

तणनाशकाचा वास लपत नव्हता. स्नेहा तडक पारावर गेली. इंद्रभान चार माणसांत बसला होता.

"जागेचा वाद होता तर मला बोलायचं. पोरांच्या झाडांवर विष कशाला फवारलं?"

इंद्रभान ताडकन उठला. "मी फवारलं? चाला मॅडम, वावरात चाला."

धुऱ्यालगतच्या त्याच्या सोयाबीनच्याही दोन ओळी पिवळ्या पडून माना टाकून होत्या.

"सोताच्या पिकावर कोनी इख मारते काय? मले तं वाटलं तुमीच मारलं, धुरा साफ करून पुढं सरकाले."

मग कोण? त्या दिवसापासून स्नेहा शाळेत येणाऱ्या प्रत्येकाकडं वेगळ्या नजरेनं बघू लागली. खिचडी शिजवणाऱ्या प्रयागबाई, पलीकडचे दुकानदार हेमसिंग, कुणीही सुटलं नाही. विजयमालाबाई मात्र शाळेकडं फिरकल्याच नव्हत्या. शेवटी स्नेहाच त्यांच्या घरी गेली.

दारातच बाईंनी मान खाली घातली. "मीच फवारून घेतलं, मॅडम. पंधरा ऑगस्टले पाहुने येनार. लोक मले म्हनत, शाळेमांग रान माजलं, एखाद्या पोराले पान लागन. तुमाले इचारलं असतं तं तुमी नाई म्हनल्या असत्या."

पान लागणं म्हणजे साप चावणं, हे स्नेहाला सांगावं लागलं नाही. "मग उन्हाळ्यात पाणी कशाला घातलं?"

"तुमी पोरायसाठी जीव टाकता म्हनून. झाडासाठी नाई."

दीड वर्षात स्नेहानं बाईंना सगळं सांगितलं होतं, पण पटलं का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पारावर त्याच माणसांसमोर इंद्रभानची माफी मागितली.

"माफी राहू द्या," तो म्हणाला. "पह्यले सगळ्यायसमोर हद्द मोजा."

हद्दीच्या जुन्या दगडांपासून टेप धरला. विजयमालाबाईंनीही एक टोक पकडलं. मोजून झालं तेव्हा कळलं, इंद्रभानचा धुराच शाळेच्या जागेत हातभर आला होता. माणसं गालातल्या गालात हसली. स्नेहा टेप गुंडाळत राहिली.

"काहून बोलून नाई राह्यल्या?" इंद्रभाननं डोळे बारीक करून विचारलं. "मनात काय हाय तुमच्या?"

"धुरा तिथंच राहू द्या," स्नेहा म्हणाली. "फक्त त्याच्यावर निरगुडी लावू द्या. सापाचं काय करायचं ते बाई सांगतील."

"तळाशी मोकळं ठेवा," विजयमालाबाई हळूच म्हणाल्या. "पाय ठेवतानी जमीन दिसली पायजे."

इंद्रभान म्हणाला, "लावा. पन लावताना मी हजर राहीन."