मातीचे पेले

वैशाखात नागपूरची दुपार झाली की गल्ल्या दारं लावून घेतात. अजनीच्या रेल्वे पुलापलीकडची ती गल्लीही तशीच. जेवणं आटोपली की कड्या लागत, खिडक्यांवरचे वाळ्याचे पडदे ओले होत, आणि मग पाच वाजेपर्यंत कुणी कुणाचं नसे. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा कुणाच्या तरी माठाखालच्या ओलीत पोट टेकून पडे.

गल्लीच्या टोकाशी अंजनाबाई एकट्या राहत. यजमान आनंदराव रेल्वेत होते. ते गेल्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा भिलाईला, लेक जबलपूरला. दोघांची पत्रं येत, त्यात तब्येतीला जपा असं लिहिलेलं असे. जपणार कोण, हे लिहिलेलं नसे.

तब्येतीला जपणं हे तर अंजनाबाईंच्याच हातातलं काम होतं. त्यांचं माहेर खाप्याचं. तिथून त्या उन्हाळ्याची सगळी विद्या घेऊन आल्या होत्या. कैऱ्या उकडून गूळ-जिऱ्याचं पन्हं, घामोळ्यांना मुलतानी मातीचा लेप, उन्हानं कातडी भाजली तर कोरफडीचा गार गर, पोटात आग पडली तर भिजवलेला सब्जा. आणि पायाच्या तळव्यांची जळजळ थांबत नसली तर तूप लावून काशाची वाटी. ती वाटी त्यांच्या आईची होती. तळव्यावर ती गोल गोल फिरवली की वाटी काळी पडे, आणि आजाऱ्याचे डोळे मिटत.

एके काळी गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर असत. मग कुणाकडे कूलर आला, कुणाकडे फ्रिज आला, दुकानात सरबताच्या बाटल्या आल्या. पोरंही मोठी झाली. अंजनाबाई मात्र सवयीनं पातेलंभर पन्हं करत आणि संध्याकाळी त्यातलं बरंचसं अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतून देत.

त्या वर्षी शेजारच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. जयवंता नावाची बाई पोस्टात नोकरीला होती, तिचा नवरा बदलीच्या गावी चंद्रपूरला. घरात तिची सासू गोपिकाबाई आणि आठेक वर्षांची मुलगी प्रज्ञा. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली तेव्हाच गल्लीला समजलं. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर होतं. गल्ली काही बोलली नाही. फक्त हळदीकुंकवाला त्या घराच्या अलीकडच्या घरापर्यंत बोलावणं गेलं आणि पलीकडच्या घरापासून पुन्हा सुरू झालं.

दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. एका दुपारी अंजनाबाईंना भिंतीपलीकडे रडणं ऐकू आलं. प्रज्ञा उन्हात खेळून आली होती, मान आणि खांदे लालबुंद झाले होते.

"काहून रडतं वं पोरी? इकडं ये, भिंतीपाशी."

कोरफडीचं पान चिरून त्यांनी गर काढला, पानावर ठेवून भिंतीवरून पुढे केला. "चोळू नको हं. नुसता लाव. फोड आला तर फोडाचा नाही, अन् ताप आला तर मायले सांगून डॉक्टरकडे जायचं."

मग त्यांनी पन्हं दिलं, मातीच्या पेल्यात. पेला कुंभाराकडचा, एकदा पिऊन टाकून द्यायचा.

"पिऊन झालं की तिकडंच टाक," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा आपणहून आली. मग रोज येऊ लागली. भिंतीला टेकून उभी राही आणि विचारत राही. अंजनाबाईंना तर सांगायला कुणी हवंच होतं. उन्हात जाताना कांदा काहून बांधतात, सब्जा किती वेळ भिजवायचा, सगळं त्या सांगत.

"घोळणा फुटला तर काय करशीन?"

"मान वर करीन."

"चूक. वर केली तं रक्त घशात जाते. मान खाली, नाक दाबून धरायचं, डोक्यावर गार पाणी. आता तू मास्तरीण हो अन् मले सांग."

प्रज्ञा मास्तरीण व्हायची. दुपार कशी सरली ते अंजनाबाईंना कळायचं नाही. कडुनिंबाच्या बुडाशी आता पन्हं ओतावं लागत नव्हतं.

एकदा पोरीनं विचारलं, "आजी, तुमच्या घरी इस्टीलचे गिलास नाहीत?"

अंजनाबाईंच्या मागे फळीवर स्टीलचे पेले ओळीनं चकाकत होते. त्या म्हणाल्या, "मातीत गार राहते, बाई."

वैशाख पौर्णिमेला गोपिकाबाईंनी भिंतीवरून खिरीची वाटी पुढे केली. अंजनाबाई म्हणाल्या, "अवं, मले उपास आहे आज." खीर परत गेली. अंजनाबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण पोरीला रोज देतो, लळा लावतो. गल्लीत दुसरं कोण एवढं करतं?

पुढच्याच आठवड्यात प्रज्ञा काशाची वाटी पाहायची म्हणून भिंतीवर चढली आणि उडी मारून अंगणात उतरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचली, आत माठ होता.

"तिथंच थांब!" अंजनाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

पोर थांबली. तिनं माठाकडे पाहिलं, फळीवरच्या पेल्यांकडे पाहिलं, अंजनाबाईंकडे पाहिलं. मग भिंतीवरून परत गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंजनाबाईंनी पेला भरून भिंतीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

शेवटी त्यांनी भिंतीपाशी जाऊन हाक मारली. गोपिकाबाई पलीकडे धान्य निवडत होत्या. साठी ओलांडलेली, काटक बाई. पूर्वी कापडगिरणीत काम केलेलं, त्यामुळे आवाज मोठा. त्यांच्या बाजूनं भिंतीच्या कडेला मातीचे पेले ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकात कोरफडीचं एक पिल्लू लावलेलं होतं. पोरीनं एकही पेला टाकला नव्हता.

"प्रज्ञा बरी आहे ना?"

"बरी आहे. घरातच आहे."

"मंग येत काहून नाही?"

गोपिकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "तिनं मले विचारलं, आजी, मातीत खरंच गार राहते का? मी काय सांगू? मी खोटं सांगत नाही लेकराले. तिले समजन असं सांगतलं."

"मी काही वाईट केलं का? रोज देतच होते ना मी?"

"देत होत्या. तुमच्या औषधात खोट नाही, बाई. पोरीची मान दोन दिवसांत बरी झाली." गोपिकाबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "पण तुम्ही देता तेवढंच. घेत कधी नाही. आमची खीर आली तं तुमचा उपास."

"होताच उपास."

"होता का? सांजच्याले भजे तळून राहिल्या होत्या तुम्ही. वास आमच्या घरापर्यंत आला. मिरच्याचे होते."

गोपिकाबाईंनी सूप उचललं. "वरून खाली तं कोणीबी देते, बाई. आमच्या मायच्या ओंजळीतबी लोक वरूनच पाणी ओतत होते. तेबी देणंच होतं. प्रज्ञाले ते नको."

त्यानंतरच्या दुपारी फार लांब झाल्या. नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. घरात फक्त घड्याळ बोलत होतं. अंजनाबाई एकट्याच कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटत, "मान खाली, नाक दाबून..." पन्हं करणं त्यांनी सोडून दिलं. स्वतःपुरतं कोण करतं?

एक दिवस मात्र त्यांना वाटलं, पोर आहे, विसरेल. आज आली तर? आणि मग आठवलं की मातीचे पेले संपले. फळीवर स्टीलचे पेले होते. त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही. पण सवय माणसाला डोळे असून आंधळं करते. ती बाई, जी सगळ्या गल्लीला भर दुपारी बाहेर पडू नका म्हणून सांगायची, ती डोक्यावर पदर घेऊन, पदराला कांदा बांधायचंही विसरून, टळटळीत उन्हात कुंभाराकडे निघाली. अर्धं अंतर जाताच चपलेखालचं डांबर मऊ लागू लागलं. पेले घेऊन परत येताना सगळी दारं बंद होती. प्रत्येक दारामागे ओळखीचं माणूस होतं, पण हाक मारावी असं एकही दार त्यांना दिसलं नाही.

घरी आल्या त्या अंगणातल्या नळापाशीच बसल्या. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, पायात गोळे आले होते. काय झालंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. काय करायचं तेही ठाऊक होतं. सावली, ओलं फडकं, घोट घोट पन्हं. पण उठून करणार कोण? सगळी विद्या डोक्यात होती आणि हात उचलत नव्हता. हातातली पिशवी कलंडली. पेले फुटल्याचा आवाज झाला.

"आजी!" भिंतीवरून प्रज्ञा ओरडली. तिनं अंजनाबाईंना नव्हे, आत आपल्या आजीला हाक मारली होती.

गोपिकाबाई उघड्या राहिलेल्या पुढच्या दारानं आल्या. विचारलं नाही, थांबल्या नाहीत. अंजनाबाईंना काखेत हात घालून उठवलं, आतल्या खाटेवर निजवलं, चोळी सैल केली, माठातलं पाणी घेऊन फडकं ओलं केलं आणि कपाळावर, मानेवर ठेवलं. माठाला हात लागला. काही झालं नाही. पाणी गारच होतं.

"नाव सांगा तुमचं."

"अवं, अंजना."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मंग भान आहे. घाम बी येऊन राहिला. बडबडल्या असत्या नाही तं अंग कोरडं तापलं असतं, तं रिक्षात टाकून दवाखान्यात नेलं असतं. तिथं कांदा-कैरी काही कामाचं नाही." गोपिकाबाई पदरानं वारा घालू लागल्या. "पन्हं कुठं आहे?"

"नाही केलं. कोणासाठी करू?"

गोपिकाबाईंनी दाराकडे पाहिलं. दारात प्रज्ञा उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. "जाय, आपलं आण." मग अंजनाबाईंना म्हणाल्या, "आमच्या घरी रोज होते. या पोरीनं शिकवलं मले. जिरं भाजूनच पायजे म्हणते, मास्तरीण सांगते तसं."

स्टीलच्या पेल्यात पन्हं आलं. प्रज्ञा उंबऱ्यापाशी पुन्हा थांबली. गोपिकाबाईंनी तिच्या हातातून पेला घेतला, खाटेपाशी धरला आणि जरा थांबल्या.

"मातीचा एखादा साबूत आहे का पाहू?"

ते बोलणं लागायचं तिथं लागलं. अंजनाबाईंनी दोन्ही हात पुढे केले, पेला घेतला, ओठाला लावला आणि घोट घोट प्यायल्या. गूळ थोडा जास्त होता. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"पोरी," त्या म्हणाल्या, "आत ये. तिथं नको थांबू."

प्रज्ञा आली नाही. तिनं आपल्या आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "तुह्या मनानं ठरव." पोर बराच वेळ तशीच उभी राहिली. मग आत आली.

संध्याकाळी अंजनाबाईंना बरं वाटलं, पण तळवे पेटल्यासारखे जळत होते. कोनाड्यातल्या काशाच्या वाटीकडे त्यांची नजर गेली. गोपिकाबाईंनी ती नजर पाहिली.

"ते नाही करणार मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "पन्हं देईन, वारा घालीन, रातभर बसीन. पण पायाशी बसाचं आमचं सरलं, बाई. ते आम्ही दीक्षेच्या दिवशी सोडून आलो."

अंजनाबाईंनी मान हलवली. त्या रात्री त्यांनी पाय गार पाण्यात बुडवून ठेवले. शेजारी गोपिकाबाई खुर्चीवर बसून पेंगत होत्या. तळवे जळत होते, पण घरात घड्याळाखेरीज दुसऱ्या कुणाच्या तरी श्वासाचा आवाज होता.

नवतपा सरता सरता गोपिकाबाई आठवडी बाजारातून आल्या. चप्पल वाटेतच तुटली होती, तापलेल्या डांबरावरून त्या चालत आल्या होत्या. भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं ऐकू आलं.

अंजनाबाई पुढच्या दारानं गेल्या. त्या घराचा उंबरा त्यांनी पहिल्यांदाच ओलांडला. हातात तुपाची वाटी होती आणि काशाची वाटी होती.

"अवं, हे काय करून राहिल्या?" गोपिकाबाईंनी पाय आखडून घेतले. "मी म्हटलं ते माझ्यापुरतं. तुम्ही कशाले बसता खाली?"

"फोड आले का ते पाहू द्या आधी. फोड असले तं वाटी नाही फिरवायची." त्यांनी तळवा निरखला. तो लाल होता, पण फोड नव्हता. "पाणी घालून आल्या का पायांवर?"

"मघाशीच घातलं."

"मंग द्या इकडं. मी म्हातारी झाली वं, किती वेळ वाकून बसू?"

पाय मांडीवर आला. गिरणीत उभं राहून राहून टाचा फाटलेला, रुंद पाय. अंजनाबाईंनी तूप लावलं आणि वाटी फिरवायला सुरुवात केली. वाटी हळूहळू काळी पडत गेली. प्रज्ञा शेजारी बसून पाहत होती, किती जोरानं दाबायचं ते.

"प्रज्ञा," अंजनाबाई म्हणाल्या, "तहान लागली. तुमच्या माठातलं पाणी दे मले."

वाचकहो, उन्हाळ्याचे हे उपाय साधे आहेत आणि तुमच्याआमच्या प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला ठाऊक आहेत. कैरी, कांदा, कोरफड कुठेही मिळतात. पण उपाय एका हातानं होत नाही. तो करायला दुसरा हात लागतो, आणि तो हात कुणाचा याची यादी करत बसलेला माणूस एक दिवस आपल्याच अंगणात नळापाशी एकटा पडतो. दिल्यानं माणुसकी पूर्ण होत नाही. ज्याला आपण देतो त्याच्या हातचं घेताही आलं पाहिजे. आज दुपारी दार लावण्याआधी शेजारच्या दाराकडे एकदा पाहा. तिथं पाणी नेऊन द्या, आणि तिथलं पाणी मागून प्या.

अंजनाबाईंनी त्यानंतर कुंभाराकडून पेले कधी आणले नाहीत. भिंतीच्या कडेची कोरफड मात्र वाढली, इतकी की मातीचे पेले तडकले आणि मुळं बाहेर आली.