मालकिणीचा अंगठा

"काकी कधी येतात, काका? मला पुढं सरळगावला पण जायचंय," मितेश म्हणाला.

ओट्यावरच्या खाटेवर त्याने लॅपटॉप उघडून ठेवला होता. शेजारी अंगठा घ्यायचं छोटं मशीन. मितेश मुरबाडात भाडेकरार नोंदवून द्यायचं काम करी. भाडेकरू भरत आणि त्याची बायको वर्षा यांचे फोटो, अंगठे झाले होते. साक्षीदारांचेही झाले होते. राहिला होता मालकिणीचा.

"दहाच्या जीपमध्ये बसते म्हनाली होती," धर्मा म्हणाला. "आली समज."

मालकीण म्हणजे धर्माची बायको शकू. ती आदल्या दिवशी डोळे तपासायला मुलाकडे कल्याणला गेली होती. एवढ्यात धर्माचा फोन वाजला. मुलगा रितेश होता. "बाबा," तो म्हणाला. मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. "आई जीपमध्ये चढली. खिडकीजवळ बसली आणि तिथंच मान टाकली. दवाखान्यात आणली पण... नाय राहिली ती, बाबा."

धर्माने फोन खिशात ठेवला. वर्षाची पोरगी कुणाली मशीनच्या लाल दिव्यावर बोट धरून बघत होती. तो मितेशला म्हणाला, "बंद कर ते. ती नाय येत आता."

घरामागच्या पाच खोल्या शकूच्या नावावर होत्या. माहेरची जमीन विकली तेव्हा तिच्या वाट्याला आलं त्यात तिने त्या बांधल्या. धर्मा कारखान्यात पाळीवर जाई; खोल्यांचं सगळं शकू बघे. चौथी शिकलेली बाई, पण करार नोंदवल्याशिवाय कुणाला आत घेतलं नाही. भाडेकरूचे कागद स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन देई आणि पोच घेतल्याशिवाय हलत नसे. "घर माजं, मंग नाव पन खरं लिवायचं," म्हणे.

तिचा अंगठा मात्र मशीन पकडत नसे. जन्मभर भात लावून रेषा झिजलेल्या. गेल्या वर्षी सहा वेळा पुसून पुसून घेतला तेव्हा उमटला. म्हणून या खेपेला ती आठ दिवस आधीपासून रोज अंगठ्याला खोबरेल चोळत होती.

मितेश खरं तर मंगळवारीच येणार होता. त्या दिवशी अमावस्या, म्हणून धर्मानेच त्याला फोन करून गुरुवार सांगितला. "अमोशेला कशाला गो अंगठा द्यायचा?" तो शकूला म्हणाला. ती म्हणाली, "पोरीच्या शालेचं हाय. अमोशा काय शालेला विचारून येते का?" पण मग गुरुवारला हो म्हणाली.

भरत आणि वर्षा वैशाखरे गावापुढच्या वाडीतले. आधी वीटभट्टीवर जात, आता दोघं इथल्या कारखान्यात. कुणालीला आरटीईतून, म्हणजे मोफत जागेवर, जवळच्या खासगी शाळेत घालायची होती. त्यांचं आधार कार्ड वाडीचं, म्हणून मुरबाडात राहतो याचा पुरावा म्हणून पुढचे अकरा महिने चालणारा नोंदवलेला करार हवा होता. जुना करार महिनाअखेरीला संपत होता आणि अर्जाची मुदतही तोवरच होती.

दहावं झालं आणि दुसऱ्या दिवशीच धर्मा खोल्या आपल्या नावावर करून घ्यायला नगरपंचायतीत गेला. घरात बसवत नव्हतं. तिथल्या बाई म्हणाल्या, मृत्यूचा दाखला कल्याणहून आणा. तो कल्याणला गेला. तिथे सांगितलं, चार दिवसांनी या. चार दिवसांनी दाखला घेऊन आला तर वारस नोंदीला मुलाची संमती हवी होती. तो परत जीपमध्ये बसला. खिडकीजवळची जागा रिकामी होती; तो मधल्या जागेवर दाटीत बसला.

रितेश म्हणाला, "बाबा, सही करतो हो. पण आधी त्या खोल्यांचं काय ते ठरवू. मी बोलतो, सगळ्यांना खाली करायला सांगा. नसता ताप डोक्याला."

"त्या पोरीचा अर्ज राह्यलाय रे."

"तुमाला आई गेल्याचं काय आहे का नाय? वीस दिवस झाले, तुमी भाडेकरूंचेच कागद घेऊन फिरताय!"

कागद पिशवीत घालून धर्मा सही न घेताच उठला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मितेश आला. हळू आवाजात म्हणाला, "काका, मालक म्हणून तुमचंच नाव टाकू. घरपट्टीची पावती काकींच्या नावाची आहे, पण ती कोण बघतंय?"

धर्मा खाटेवर बसला. अंगठा धोतराला पुसला. मशीनचा लाल दिवा लागला. काचेला अंगठा टेकवणार तेवढ्यात त्याने विचारलं, "आन कोनी बघितली तर?"

"बघत नाय कोण."

"बघितली तर, म्हनतो मी."

"तर पोरीचा प्रवेश रद्द होईल. शाळेत बसली असेल तरी."

धर्माने हात मागे घेतला.

दुपारी अंगणात भांडी वाजली. वर्षाने खोलीतलं सामान बाहेर काढलं होतं. शेगडी, गोधड्या, कुणालीचं नवं दप्तर. ही शकूची रीत होती. करार संपला की, पुढं राहायचं असलं तरी, भाडेकरूने खोली रिकामी करायची, धुवायची, किल्ली हातात द्यायची. शकू आत जाऊन भिंती बघे, मीटरचा आकडा लिहून घेई, मग चहा होई आणि किल्ली परत दिली जाई. "राहा गो सुखानं," म्हणे. घर कुणाचं ते मालकीण आणि भाडेकरू दोघांना आठवावं म्हणून.

वर्षाने किल्ली पुढे केली. "काका, आज आमची तारीख सपली."

धर्माने खोली बघितली. मीटरचा आकडा लिहिला. चहा केला. साखर जास्त झाली, पण वर्षाने कप खाली ठेवला नाही.

"पोरीचं काय करशील?"

"झेडपीच्या शालेत घालू. आमी कुठं शालेत गेलो?" ती हसली, आणि मग पदराने तोंड पुसत राहिली.

"मीच गुरुवार केला गो. मंगलवारी तिचा अंगठा झाला असता."

"म्हाईत हाय. काकी बोललेली." कप हातात फिरवत ती म्हणाली, "बोलली, त्यांचं ऐकावं लागतं कधीमधी."

किल्ली धर्माच्या मुठीत गरम झाली होती. "ही द्यायचा मला हक नाय, वर्षा. कागदावर मी कोनीच नाय."

"मंग सामान उनात ठेवू का?"

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. राहा गो सुखानं, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. कुणाली दप्तर उचलून सगळ्यांच्या आधी आत गेली.

रितेशची सही अजून झालेली नाही. वारस नोंद व्हायची आहे. पोलीस ठाण्यात द्यायचे कागद पिशवीतच आहेत. वर्षाच्या, पाच क्रमांकाच्या खोलीच्या करारावर मालकाच्या अंगठ्याची जागा कोरी आहे.