शेवटच्या खळग्यातला चिखल

मित्रांनो, मी बालवाडीतली एक जुनी रंगथाळी आहे. चिनी मातीची, सहा खळग्यांची आणि पहिल्यापासूनची भित्री. भट्टीतून निघताना माझ्या शेजारच्या दोघी माझ्या डोळ्यांदेखत तडकल्या. तेव्हापासून कुणी मला उचललं, की मूठ नसूनही मी जीव मुठीत धरून बसते.

आमच्या बाईंची एक रीत होती. ऋतू बदलला, की मुलांनी खिडकीबाहेरचं तेच झाड पुन्हा रंगवायचं, आणि रंग मिळायचे तीनच. लाल, पिवळा, निळा. बाकीचे माझ्यात कालवून घ्यायचे. पालवीच्या दिवसांत पिवळ्यात निळा मिसळून हिरवा व्हायचा, तेव्हा मुलं टाळ्या पिटायची. पानगळीत नारिंगी व्हायचा. मलाही शाबासकी मिळायची. पण तिन्ही रंग एकत्र झाले, की बाई "अरेरे, चिखल झाला" म्हणत मला घाईघाईने नळाखाली धरायच्या.

थंडीत झाडाची पानं गेली आणि रंगवायला नुसतं खोड उरलं. चार वर्षांची एक मुलगी होती, सगळे तिला चिमणी म्हणत. तिने शेवटच्या खळग्यात तिन्ही रंग ढवळले. चिखल पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंची पाठ वळताच तिने मला कपाटामागे सरकवलं.

तिथे मी चार दिवस अंधारात पडून होते. रंग वाळून दगड झाला. बाई झाडलोटीच्या मावशींना सांगत होत्या, "थाळी शुक्रवारपर्यंत सापडली नाही, तर बारा तयार रंगांच्या बाटल्या आणू. कालवायची कटकटच नको." ऐकून मला धडकी भरली. सापडले तर वाळलेला रंग खरवडताना मरण, न सापडले तर अडगळीत मरण.

शुक्रवारी वर्ग भरलेला असताना मावशींचा झाडू मला लागला. त्यांनी सुरीने खरवडायला घेतलं आणि माझ्या काठाचा टवका उडाला.

"हिचं आता काही खरं नाही. टाकून देते," मावशी म्हणाल्या.

"मी केली ती घाण," चिमणी पुटपुटली. "बाई ओरडतील म्हणून लपवली."

बाईंनी त्या खळग्यात चमचाभर पाणी सोडलं, रंग बोटाने भिजवला आणि चिमणीला खिडकीशी नेलं.

"ते खोड कुठल्या रंगाचं आहे गं?"

चिमणीने बराच वेळ पाहिलं. "माझ्या घाणीच्या."

"मग ती घाण कशी? इतकी वर्षं मीच हा रंग ओतून देत आले. माझं चुकलं, बाळा."

त्या दिवशी बावीस खोडं तपकिरी झाली. बाटल्या आल्या नाहीत. मला अजून भीती वाटते, सुरी दिसली की जास्तच. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. हातून काही बिघडलं, तर रंग ओला असतानाच सांगा. वाळल्यावर खरवडावं लागतं, आणि ते फार दुखतं.