शंभराचे सत्त्याऐंशी

विहारामागच्या प्लॉटसाठी चांदवडच्या सोमनाथ पगारांनी शुक्रवारी पाचपर्यंत मुदत दिली होती. किंमत चोवीस लाख. तिथे अभ्यासिका व्हायची होती. वस्तीतली मुलं अजून विहाराच्या पायऱ्यांवर बसून वाचत.

चोवीस लाख विहाराच्या समितीकडे होते. खजिनदार लताबाई, निवृत्त शिक्षिका, यांनी ते २०२० मध्ये तीस वर्षांच्या सरकारी रोख्यांत घातले होते. बँकेतली ठेव प्रत्येक नवा अध्यक्ष मोडायचा. एकदा मंडपासाठी, एकदा साउंडसाठी. म्हणून त्यांनी मुद्दाम सगळ्यांत लांबची मुदत निवडली. गरज पडली तर रोखे मधेच विकता येतात, हे त्यांना ठाऊक होतं. कोणत्या भावाने, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ मधल्या त्या गुरुवारी त्या गंगापूर रोडवर रोख्यांच्या दलालाच्या ऑफिसात गेल्या. तिथला राकेश त्यांचा जुना विद्यार्थी.

"सत्त्याऐंशी," तो स्क्रीन बघून म्हणाला. "शंभरामागे."

"का? सरकार बुडालं?"

"सरकारला काय होतंय, बाई. तुमच्या रोख्यावर साडेसहा टक्के मिळतात. मेपासून दर वाढले, आता नवीन रोखा साडेसातच्या वर देतो. मग तुमचा पूर्ण किमतीला कोण घेणार? स्वस्त दिलात तरच घेतील. आणि मुदत जितकी लांब, तितका भाव जास्त खाली येतो."

"थांबलो तर?"

"२०५० ला शंभरचे शंभर."

"तेव्हा मी त्र्याण्णवची असेन. तू ये पेढे घेऊन."

राकेश हसला नाही. त्याने आकडा लिहून दिला : वीस लाख अठ्ठ्याऐंशी हजार.

रात्री समिती बसली. तीन लाख बारा हजार कमी पडत होते. वर्गणी दोनदा काढून झाली होती.

"बाई, कुलूप तुम्हीच लावलंत," अध्यक्ष रवी म्हणाला.

"मोडणारे तुम्हीच होतात."

तोट्यात विकूनही प्लॉट मिळणार नव्हता, तेव्हा विकायचं नाही असं ठरलं.

शुक्रवारी साडेचारला लताबाईंनी पगारांना फोन लावला. रोखे विकून आत्ता एकवीस लाख देऊ, उरलेले दोन वर्षांत वर्गणीतून देऊ, चालेल का, असं विचारलं.

"बाई, लय थांबलो तुमच्यासाठी. गोडाऊनवाला पूर्ण चोवीस घेऊन रजिस्ट्रीत बसलाय. काय सांगू त्याला?"

"सही करा," लताबाई म्हणाल्या.