अर्धी राहिलेली नवमी

रजनीबाईंची शाळा चौथीत सुटली. तोंडाला मात्र कुठल्या शाळेची गरजच पडली नव्हती. नवऱ्याच्या बँकेनं बदली करून त्यांना कोलकात्याला आणून टाकलं. पुढं नवरा निवृत्त झाला, मुलगा इथंच नोकरीला लागला आणि डमडमच्या फ्लॅटात त्या राहिल्या त्या राहिल्याच. बंगाली सगळं समजायचं. बोलायच्या हिंदीत, आणि ती हिंदी अशी की समोरच्यानं आपली विसरावी.

मुलानं, विहंगनं, मुलगी शोधली कोलकात्याजवळच्या बजबजची. कागदावर शतरूपा, घरात तुतुल. इथं प्रत्येकाला दोन नावं, एक जगासाठी आणि एक घरासाठी.

"आपल्याकडं सुनेचं नाव बदलतात," रजनीबाई म्हणाल्या. "हिचं कुठलं बदलायचं?"

"आई, कुठलंच नाही."

"मी बदलते म्हटलं का? विचारलं नुसतं."

विहंगचा जीव मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. तुतुलचे आईवडील राजी होते, आजी नव्हती. आजीला ते ठाकूमा म्हणत आणि त्या घरात ठाकूमाचा शब्द खाली पडत नसे. "ठाकूमा नाही म्हणाली तर मी लग्न करणार नाही," असं तुतुलनंच त्याला स्वच्छ सांगितलं होतं. रजनीबाईंना ती म्हातारी न बघताच पटली. घरात असं एक माणूस लागतंच. आपल्या घरात ते कोण, हे काही पाटी लावून सांगायला नको होतं.

"आणि तिच्या बाबांचं नाव काय म्हणालास?"

"निर्माल्य."

"देवावरून उतरवलेली फुलं? असं नाव ठेवतं कुणी पोराचं?"

"इथं पवित्र नाव आहे ते."

"आपल्याकडंही पवित्रच असतं. म्हणून तर पायदळी न टाकता विहिरीत टाकतात."

रविवारी दुपारी टॅक्सी करून तिघं बजबजला निघाले. वाटेत रजनीबाईंनी नवऱ्याला दोनदा बजावलं, "अहो, तिथं कमी बोला." हेमंतरावांनी मान डोलावली. संसारभर त्यांनी अशीच मान डोलावली होती आणि मग मनाला येईल तेच केलं होतं.

निर्माल्यबाबू भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. आता आसपासच्या क्लबांत प्रश्नमंजूषा घेत. ती सवय घरातही सुटली नव्हती. पाहुणा टेकला की चहाच्या आधी प्रश्न यायचा.

"दीदी, ऑक्टोपसला हृदयं किती?"

"मला काय ठाऊक? मी काही त्याची डॉक्टर नाही."

"तीन! आणि रक्त निळं!"

"तीन असून काय उपयोग? माणसाचं एक सांभाळताना पुरेवाट होते."

निर्माल्यबाबू खूष झाले. त्यांनी मिठाईची बशी पुढं केली आणि विचारलं, "चौकोनी विष्ठा टाकणारा प्राणी कोणता?"

रजनीबाईंनी हातातली संदेशाची चौकोनी वडी पाहिली आणि बशीत परत ठेवली. "भाऊसाहेब, प्रश्न आधी का मिठाई आधी, हे तरी ठरवा."

तुतुल हसली. विहंगला वाटलं, जमतंय. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पांढऱ्या साडीतली ठाकूमा पानाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती हसली नाही.

मग निर्माल्यबाबू कासवावर आले. अलीपूरच्या प्राणीसंग्रहालयात एक भलं थोरलं कासव होतं, दोन हजार सहा साली गेलं. वय म्हणे अडीचशेच्या घरात. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "कोलकाता हे एवढंसं असताना जन्मलेलं."

इथं हेमंतरावांना राहवलं नाही. मराठी माणसाला लग्नाच्या बैठकीतही इतिहास दिसला की घोड्यावर बसल्यावाचून करमत नाही. छाती पुढं काढून ते म्हणाले, "त्याच सुमाराला आमचे मराठे बंगालपर्यंत आले होते! आमच्या घोड्यांनी तुमच्या गंगेचं पाणी प्यायलंय!"

रजनीबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं की ते आपणहून खुर्चीत खाली सरकले.

"बर्गी," ठाकूमा म्हणाली. तिचा पहिला शब्द.

निर्माल्यबाबूंनी घाईघाईनं खुलासा केला. मराठ्यांच्या फौजेतला बारगीर, त्याचं बंगालीत झालं बर्गी. तुमच्याकडं मूल झोपत नसेल तर बागुलबुवा येतो, आमच्याकडं बर्गी येतो. "त्यांच्या भीतीनं कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. गंमत म्हणजे तो पुरा झालाच नाही आणि मराठे शहरात आलेच नाहीत. पुढं बुजवून त्यावर रस्ता केला."

"गंमत?" ठाकूमा मुलाला म्हणाली. "माझं माहेर काटोयाचं, बर्गींचा तळ होता तिथलं. तिथं विचार गंमत." मग तिनं रजनीबाईंकडं तोंड वळवलं. "बर्गीच्या घरात मी मुलगी देत नाही."

तुतुलचा चेहरा उतरला. विहंगनं आईकडं पाहिलं, बुडत्यानं काठाकडं पाहावं तसं.

"मासिमा, ते बर्गी नागपूरचे," रजनीबाई म्हातारीला म्हणाल्या. "आम्ही साताऱ्याचे. आमचा त्यांचा काय संबंध?"

"पण बंगालची चौथाई," निर्माल्यबाबूंच्या तोंडून निसटलं, "नागपूरकरांना साताऱ्याच्या गादीनंच दिली होती." म्हटल्यावर त्यांना कळलं आणि त्यांनी जीभ चावली. माहिती पोटात राहत नाही त्या माणसाचं असंच होतं.

"लुटलं असेल," रजनीबाई सावकाश म्हणाल्या. "गरिबाला लुटलं ते वाईटच केलं. मी त्याची बाजू घेणार नाही."

"लूट सगळेच करतात," ठाकूमा म्हणाली. "त्यांनी काटोयाजवळ दुर्गापूजा मांडली. थाटात. आणि नवमीला नवाबाची फौज आली तशी पूजा टाकून पळाले. देवी तशीच बसून राहिली. निरोपसुद्धा दिला नाही तिला. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. देवीला अर्ध्यावर सोडतात ते सुनेला काय सांभाळणार?"

ऑक्टोपस, कासव, खंदक, सगळं रजनीबाईंच्या अंगावरून पाण्यासारखं गेलं होतं. हे मात्र आत जाऊन बसलं. पूजा मांडली आणि उत्तरपूजा नाही? त्यांच्या घरी सत्यनारायणाचं तबक उत्तरपूजेवाचून कुणी हलवलं असतं तर त्याला त्या दिवशी जेवायला मिळालं नसतं.

"खरं आहे हे?" त्यांनी निर्माल्यबाबूंना विचारलं.

"पूजा मोडली ती खरी. बाकी लोक सांगतात."

"मग तुमचं बरोबर आहे, मासिमा. हे आमच्याकडून राहिलं." त्यांनी पदर खोचला. "तुमच्या डब्यात अख्खी सुपारी आहे का?"

ठाकूमा सावध झाली. "कशाला?"

"आमच्यात मूर्ती नसली की सुपारीची देवी करतात. तुमच्या देव्हाऱ्यातल्या देवीला मी हात लावणार नाही. ही आमची. आमच्या लोकांनी टाकून दिलेली."

ठाकूमानं डबा उघडला, दोन सुपाऱ्या बोटांनी चाचपल्या आणि त्यातली बिनकिडकी पुढं केली.

तुतुलच्या आईनं तांदूळ आणले, कुंकू नव्हतं तर सिंदूर आणला, वाटीत दही आणलं. रजनीबाईंनी पाटावर तांदळाची मूठ टाकून तीवर सुपारी ठेवली. "अहो, या इकडं. घोडे तुम्ही आणलेत, हात तुम्हीच जोडा." हेमंतराव मुकाट बसले. मंत्र रजनीबाईंना पुरते येत नव्हते. येत होते तेवढे त्यांनी म्हटले आणि न आलेल्या जागी सरळ मराठीत सांगितलं, "आई, उशीर झाला. आमच्या माणसांना पळताना भान राहिलं नाही. आता जा सुखानं." अक्षता टाकल्या, दह्याचा नैवेद्य दाखवला आणि सुपारी उत्तरेला जराशी सरकवली.

विसर्जनाला घाट जवळच होता. ठाकूमा काठी टेकत स्वतः आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गंगेला भरती होती. सुपारी पाण्यात गेली तशी म्हातारी सवयीनं पुटपुटली, पुढच्या वर्षी पुन्हा ये.

"आम्हीही गणपतीला हेच म्हणतो," रजनीबाई म्हणाल्या.

"देवी पुन्हा आली तर चालेल," ठाकूमा म्हणाली. "तुमचे घोडे नकोत."

निर्माल्यबाबू काहीतरी सांगायला पुढं झाले, तुतुलनं त्यांची बाही धरली.

ठाकूमा पाण्याकडं पाहत होती. तिचं तिलाच कळलं होतं की आपण सापडलो. देवीचं विसर्जन झालं की विजया, म्हणजे दसरा. विजयेला धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं आणि थोरल्यानं मनातलं टाकून तोंड गोड करायचं. फाल्गुन असला म्हणून नियम बदलत नाही, आणि नियम मोडणारी ती बाई नव्हती.

पण आधी धाकट्यानं वाकायला हवं. रजनीबाई सासू गेल्यापासून कुणापुढं वाकल्या नव्हत्या. त्यांनी एकदा विहंगकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन वाकल्या आणि म्हातारीच्या पायांना हात लावला.

"गुडघे दुखतात वाटतं," वरून आवाज आला.

"तुमच्याइतके नाही."

घरी आल्यावर ठाकूमानं स्वतःच्या डब्यातला खोबऱ्याचा लाडू काढून रजनीबाईंच्या तोंडात घातला, दुसरा विहंगच्या. "लग्न वैशाखात," ती म्हणाली. "आणि नाव बदलायचं नाही. दोन आहेत ती पुरेत."

रजनीबाईंचं तोंड लाडवानं भरलं होतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

टॅक्सी डमडमच्या वाटेला लागल्यावर हेमंतराव हळूच म्हणाले, "बघितलंस? माझ्या घोड्यांमुळंच जमलं."

"लग्नात घोडा आणू नका," रजनीबाई म्हणाल्या. "नवरदेव चालत येईल."