विसळलेलं पाणी

“घे गुन्वोर, पहिला घोट तुझा,” हाम्पुसने माझ्यापुढे ग्लास धरला.

आमच्याकडे राजा सोडला तर सगळे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात. त्यामुळे तिशीच्या पोराने तू म्हटल्याचा राग नव्हता, राग त्या हसण्याचा होता. तीस वर्षांपूर्वी नगरपालिकेचा माणूस असाच हसत आमच्या विहिरीपाशी उभा होता. पाणी एकदम उत्तम, म्हणाला. मी त्याला कॉफी पाजून पाठवलं.

पुढे कळलं, पाइनच्या रानापलीकडल्या लष्करी विमानतळावर फेस मारून आग विझवायचा सराव चालायचा, आणि त्या फेसातलं विष जमिनीतून आमच्या विहिरींत उतरलं होतं. उकळून जात नाही, कुजत नाही, मोडत नाही. माझ्या लेकीच्या, तुवाच्या रक्तात नको तितकं सापडलं. आता तिला सातवा महिना होता. तिने स्पष्ट सांगितलेलं, “आई, पाणी साफ झालं तर तुझ्या अंगणातल्या घरात राहू. नाही तर युआकिमची नोकरी आहेच उत्तरेला.” युआकिम म्हणजे माझा जावई, आणि उत्तरेला म्हणजे हजार किलोमीटर. नातवंड बघायला मी वर्षातून एकदा जाणार, ते मला ओळखणार तरी का?

वसंतात विद्यापीठाचा हा हाम्पुस आला आणि विहिरीशेजारी पोलादी पिंप बसवून गेला. आत निकेलचा थर दिलेली लोखंडाची पूड. गरम केलेलं पाणी त्यातून सोडायचं, धातू विषाचे तुकडे करणार. ऐकायला छानच.

त्या शनिवारी अंगणात शेजारीपाजारी जमले, वेलचीचे बन संपत आले आणि हाम्पुसने आकडे वाचले. “शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग गायब!”

शेजारच्या रूनेने टाळ्या पिटल्या. तुवा पोटावर हात ठेवून हसत होती. सकाळीच तिने पाळण्याला निळा रंग दिला होता, नखांना अजून लागलेला होता.

गायब. या शब्दाने माझं डोकं फिरलं. मी बत्तीस वर्षं डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली. कॅन चकचकीत, दूध पास, तरी मी कॅनमध्ये गरम पाणी ओतायची, खळखळून विसळायची आणि ते विसळलेलं पाणी तपासायची. गाडीवाले मला शिव्या घालायचे. पण घाण सापडायची ती तिथेच.

गप्प बस गं बये, मी स्वतःला बजावलं. पोरगी राहतेय ना? एक घोट घे आणि हस.

नाही जमलं.

“हाम्पुस, विष मोडलं तर त्यातला फ्लोराइड सुटा होऊन पाण्यात यायला हवा. तो किती वाढला?”

त्याने कागद उलटेपालटे केले. “तो... तसा नाही वाढलेला. मोजण्यात काही राहिलं असेल.”

“आणि लोखंड धुऊन बघितलंस?”

“लोखंड कशाला धुवायचं? आपल्याला पाणी प्यायचंय.”

“अरे शहाण्या, आत गेलं आणि बाहेर आलं नाही, तर आतच बसलं नसेल कशावरून?”

रूने करवादला, “हिला आनंद म्हणून बघवत नाही!” मी ग्लास तसाच गवतात ओतला.

तीन आठवड्यांनी हाम्पुस परत आला. दारात बूट काढले आणि मोज्यांवर तसाच उभा राहिला. “लोखंड स्पिरिटने धुतलं. सगळं त्यालाच चिकटलेलं होतं. मोडलं जवळजवळ काहीच नाही. पूड विषाने भरली असती की ते पुन्हा पाण्यात आलं असतं. चुकलो मी.”

मेल्याची दया आली मला. “बस, कॉफी घे. नवी पूड करशील तेव्हा पाणी सोडल्यावर आधी ती धुऊन तपास, मग मला बोलाव.”

रविवारी युआकिमने गाडीच्या टपावर पाळणा बांधला. तुवा माझ्या स्वयंपाकघरात आली, डोळे सुजलेले.

“एवढं काय अडलं होतं गं? मला राहायचं होतं.”

“मलाही तू हवी होतीस.”

“मग का विचारलंस?”

“तू चार महिन्यांची होतीस तेव्हा तो नगरपालिकेवाला आला होता. दुसऱ्यांचे कॅन विसळणारी मी, त्याला मात्र ‘बाबा, तपासलंस काय?’ एवढंसुद्धा विचारलं नाही. त्याच संध्याकाळी तुझ्या बाटलीतलं पावडरीचं दूध या विहिरीच्या पाण्यात कालवलं. दीड वर्ष कालवत होते, तुवा. रोज.”

मला रडू आवरेना, म्हणून मी पाठ फिरवून तिच्या वाटेसाठी थर्मास भरायला घेतला.

“हे पाणी कुठलं?” तिने मागून विचारलं.

“टँकरचं.”

“कुणी तपासलंय? काय काय तपासलंय?”

फ्रिजवर चिकटवलेला तपासणीचा कागद काढून मी तिच्या हातात दिला. उभ्या उभ्या तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग थर्मासला झाकण लावलं.